‘येतो’ म्हणजे बंद

बाबा गेले आणि त्यांचं टेबल मुलीकडे आलं, तशी त्यांनी लिहिलेली माहितीपुस्तिकाही. एका सर्व्हरच्या पोटात चालणारी शेकडो आभासी मशीन सांभाळायचं टूल बाबांनी आणि काकांनी मिळून केलं होतं. प्रत्येक मशीनची स्थिती यादीत एका शब्दात दिसे: चालू, थांबलेलं, बंद. चौथा शब्द बाबांचा खास. बंद व्हायला निघालेलं, पण अजून पुरतं न विझलेलं मशीन म्हणजे ‘येतो’.

“घरातून निघताना जातो म्हणतं का कुणी?” एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

“पुस्तिकेतून तो शब्द काढ आता,” काका टेबलापाशी येऊन म्हणाले. “नव्या टूलमध्ये ती स्थितीच नाही. जुन्यावर एका बाईंनी ‘येतो’ वाचलं आणि बसल्या की दुपारभर वाट बघत! मला फोनवर विचारतात, तुमचं मशीन नटतंय का हो?”

ती हसली. हसू मग तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

ऑपरेशनला आत नेताना बाबा तिला तेच म्हणाले होते. “येतो गं.” अजूनही ती रात्री दाराची वरची कडी लावत नसे. बाबांच्या किल्लीने ती उघडायची नाही.

तिने ती ओळ पुसली. खात्री करायला नव्या टूलची यादी उघडली. चालू, चालू, बंद, चालू. सगळ्यात खाली बाबांचं चाचणीचं मशीन. त्यापुढे: येतो.

“काका, हे बघा.”

काकांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. “अगं, मी स्वतः काढलाय तो शब्द. आणतंय कुठून हे?” यादी ताजी करायला त्यांचा हात माऊसकडे गेला.

“थांबा ना जरा.”

दोघंही स्क्रीनकडे बघत राहिले. मग तिने पुस्तिका परत उघडली आणि पुसलेल्या जागी लिहिलं: ‘येतो: जुनी स्थिती, आता वापरात नाही. कधी दिसलीच, तर वाट पाहू नये.’

यादी तिने स्वतःच ताजी केली. बंद.

घरी आल्यावर तिने वरची कडी लावली. जेवायला बसली, आणि अर्ध्या जेवणावरून उठून ती काढून आली.