बुधवारचं अंडं

मित्रांनो, मी एक जुनं जर्मनचं भगुणं आहे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं मोठं पातेलं. तलवाड्याजवळच्या एका शाळेतला भात माझ्यात शिजतो. झाकण असलं की मला फक्त वाफ ऐकू येते. म्हणून माझी गोष्ट झाकण निघेल तेवढीच.

झाकण निघालं.

भांडी ठोकणाऱ्या हबीबचाचांनी मला दोन कान ठोकून दिले. "शाळेला चाललंय, पक्कं ठोकतो," म्हणाले. तेव्हापासून मी चतुराबाईंच्या चुलीवर. त्या शाळेच्या स्वयंपाकीण. एरवी खिचडी, बुधवारी अंडी. खात नसेल त्याला केळं. अंडी माझ्या तळाशी टकटक वाजू लागली की वर्गातला पाढा चुकायचा. तपासणीचे साहेब माझी चकाकी वाखाणून गेले.

झाकण पडलं.

निघालं. गावात सप्ताह होता. महाप्रसादाचं वरण शिजवायला चतुराबाईंनी मला राखेने घासून नेलं. कीर्तनात महाराज म्हणाले, "शाळा हे सरस्वतीचं मंदिर. मंदिरात अंडं शिजतं का?" शेजारी बसलेल्या मंत्रीसाहेबांनी मान डोलावली. मग पंगत बसली. महाराजांनी माझ्यातलं वरण दोनदा मागून घेतलं.

पुढे सरकारचा आदेश आला. निम्म्याहून अधिक पालक मागतील त्याच शाळेत अंडं मिळेल.

झाकण पडलं. निघालं.

ऐन थंडीत शाळेच्या ओसरीवर सभा भरली. सरपंच त्रिंबकआबा म्हणाले, "अंडं पायजे त्यांनी हात वर करा."

चतुराबाई पळी घेऊनच बाहेर आल्या. "आबा, ही सभा दिवाळीआधी कावून न्हाई घेतली? निम्म्या पोरांचे मायबाप ऊस तोडायला गेलेत. हितं ऱ्हायलंय कोण?"

"तू पालक हायस का?"

"न्हाई. वाढणारी हाय."

लोक हसले. मागून जानकीबाईंनी हात वर केला. "मी शिवकन्याची आजी."

"आजीचा चालत न्हाई. मायबापाचा लागतो."

चतुराबाईंनी तिथूनच शिवकन्याच्या वडलांना, अजिनाथला, फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे फडात कोयते चालू होते.

"अंडं चालू ठेवा," अजिनाथ ओरडून बोलला. "म्हाराजांना माझा दंडवत सांगा. मी माळकरी हाय, मी शिवत बी न्हाई. पण पोरगी लई वाळलीय. तिला खाऊ द्या. हात वर केलाय बघा मी!"

आबांनी टोपी नीट केली.

"फोनवरचा हात दिसत न्हाई," ते म्हणाले.

हात निम्म्याला पोचले नाहीत. आता बुधवारीही खिचडीच असते. शिवकन्या ताट पुढे करते, चतुराबाई खाली बघून वाढतात.

मित्रांनो, भगुण्याला मत नसतं. पण मोठे झालात आणि कुणाच्या ताटातलं काही काढायची वेळ आली, तर आधी त्याला विचारा. तो गावात असताना विचारा. ऊसतोडीची माणसं गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. सभा तेव्हाही घेता येते.