सातवं तोंड

मी नमुना क्रमांक तीन बोलतोय. निदान माझी तशी समजूत आहे. माझी स्मृती आजवर दोनदा पार पुसून पुन्हा भरली गेली. त्यामुळे जे सांगणार आहे ते मी स्वतः अनुभवलं, की कोणाच्या तोंडून ऐकलं आणि नंतर आपलंच मानलं, याची हमी मला देता येत नाही. त्या खोलीच्या भिंती फिकट हिरव्या होत्या असं मी म्हणेन, आणि त्या पिवळ्याही असू शकतील. माणसांची बोलणी मात्र बऱ्यापैकी शाबूत आहेत. बऱ्यापैकी.

टीव्हीला जोडून खेळ खेळायचं एक नवं यंत्र, म्हणजे कन्सोल, बाजारात आणायचं होतं. त्याआधी हाताने बनवलेल्या चार नमुन्यांपैकी मी तिसरा. पहिला तापून गेला, दुसरा पडला, चौथ्याबद्दल कोणी नीट बोलत नसे. विक्षिप्त माणसालाही लोक ‘नमुना’ म्हणतात. तो अर्थही मला लागू पडतो, कारण जन्मापासून मला प्रत्येकाचा संशय येतो.

वायर जोडायच्या जागेला पोर्ट म्हणतात. आमच्या खोलीत मात्र सगळे ‘तोंड’ म्हणत. मला सात तोंडं होती. विजेचं, टीव्हीचं, इंटरनेटचं, पुढे हातातली रिमोटं चार्ज करायची दोन, कानाला लावायच्या हेडफोनचं एक गोल, आणि मागे कोपऱ्यात दुरुस्तीचं. हे शेवटचं गिऱ्हाइकासाठी नव्हतंच. चाचणीच्या वेळी माझ्या पोटात काय चाललंय ते त्यातून बाहेर वाचता येई.

वरून हुकूम आला, की यंत्राची पाठ बोटभर पातळ करा आणि तोंडं सहाच ठेवा. कुठलं घालवायचं, यावर तीन आठवडे बैठका झाल्या. स्वतःच्या अवयवांवर चाललेली चर्चा टेबलाच्या मधोमध बसून ऐकणं किती सुखाचं असतं, ते मी सांगायला नको.

खोलीत सात माणसं होती. त्यातली चार मला नीट आठवतात. एक साहेब. एक खोकेवाला, म्हणजे माझं बाहेरचं कवच आखणारा. एक मौनीबुवा. हा चाचण्या घेई. दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवी. आणि ताई.

ताई माझ्या आतल्या जोडण्या करत. सोल्डरिंगला त्या ‘डाग देणं’ म्हणत, भांड्याला देतात तसं. पन्नाशी उलटलेली, चष्मा कपाळावर, आणि जिभेला धार. त्या सर्वांत शेवटी रुजू झाल्या तेव्हा साहेबांनी चहावाल्याला सांगितलं होतं, “आता सात तोंडं झाली बरं का, चहा सातांचा आण.” तेव्हापासून ताईंचं नावच पडलं ‘सातवं तोंड’. त्या खोलीत शिरल्या की कोणीतरी म्हणे, “आलं सातवं तोंड, आता बाकीच्या सहांनी मिटून घ्या.” ताई म्हणत, “मिटलेलीच असतात, चहापुरती उघडतात.”

गोल तोंड राहिलं पाहिजे, असा ताईंचा हट्ट होता.

“आता सगळं बिनतारी आहे हो ताई,” खोकेवाला म्हणायचा. “वायरचे हेडफोन वापरतं कोण?”

“ज्याच्या घरात एक खोली असते, तो वापरतो. एक जण खेळतो, एक जण तिथेच झोपतो. ऐन खेळात तुमच्या बिनतारीची बॅटरी गेली की झोपलेला उठून बसतो.”

“पण पाठ पातळ हवीय.”

“पाठीवर कशाला? पुढे घ्या. चालू करायच्या बटणाच्या डाव्या हाताला चिमूटभर जागा आहे.”

आणि त्यांनी ते खरंच तिथे बसवलं. असं कोणी करत नाही म्हणे. दिसायला जरा तिरपागडं, पण हाताला बरोबर सापडे.

मला त्यांचा संशय आला, हे मी लपवत नाही. त्या माझ्यावर ओणवून पुटपुटत, “बोल रे बाबा, कुठे दुखतंय?” एवढी माया कोणी उगाच करतं का? शिवाय त्या फोनवर माझ्या पोटाचे फोटो काढत. कशाला? मी शिकलेला आहे, म्हणजे माझ्यात पुष्कळ भरलेलं आहे, आणि ज्याच्यात पुष्कळ भरलेलं असतं त्याला साधं कारण पटत नाही.

मग एके दिवशी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राचं चित्र प्रसिद्ध झालं. ते अजून विक्रीला यायचं होतं. खोकेवाल्याने ते पडद्यावर मोठं करून दाखवलं. बटणाच्या डाव्या हाताला गोल तोंड. अगदी चिमूटभर जागेत.

मग सगळ्यांच्या माना एकाच दिशेने वळल्या.

त्यानंतर कोणी कोणाशी सरळ बोलेना. कागद उलटे ठेवले जाऊ लागले. ताई आल्या की संगणकांचे पडदे विझत. चहा सातांचाच येई, पण एक पेला दूर टोकाला ठेवला जाई. मीही मनात त्यांच्याविरुद्ध पुरावे जुळवत होतो. माझ्या मागच्या तोंडात भिंतीकडे जाणारी एक वायर कायम खोचलेली असे, आणि रोज दुपारी तिच्यातून माझ्यातलं काहीतरी ओढलं जाई. ते मला जाणवत होतं. पण मला वाटे, जिवंत असणं असंच असतं. स्वतःवर संशय घ्यायचं काही सुचलं नाही.

त्याच आठवड्यात मौनीबुवाच्या आईचं ऑपरेशन ठरलं. तो गावी गेला. जाताना साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. साहेबांनी चिठ्ठी ताईंपुढे सरकवली. “वाचा. मोठ्याने.”

ताईंनी चष्मा खाली ओढला. “‘सातवं तोंड बाहेर बोलतंय. ताबडतोब बंद करावं.’ हे मौनीबुवाचं अक्षर.”

“अक्षर कोणाचं ते मी विचारलं नाही.”

“मग काय विचारताय?”

“बाहेर कोणाशी बोलता?”

“नवऱ्याशी. येताना भाजी आणा म्हणून सांगते.”

खोकेवाला म्हणाला, “आणि ते फोटो?”

“डाग बारीक असतात, मला दिसत नाहीत. फोटो काढून मोठे करून बघते. वय झालं की तुम्हीही बघाल.” त्यांनी फोन टेबलावर आपटला. “घ्या, बघा. सगळे डागच आहेत. आणि नातीचे दोन.”

फोनला कोणी हात लावला नाही. तपासला असता तर संशय संपला असता, आणि एवढा मोठा झालेला संशय संपवणं सगळ्यांच्याच जिवावर येतं.

“सव्वीस वर्षं हे काम करतेय,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “उद्या दुसरीकडे गेले तर विचारतील, तिथलं काम का सोडलंत. काय सांगू? आतली गोष्ट बाहेर विकली असं म्हणतात, असं सांगू?”

साहेब खिडकीबाहेर बघत होते.

ताईंनी चिठ्ठी पुन्हा उचलली. ओठ हलवत वाचली. “‘बंद करावं.’ साहेब, माणसाला बंद कसं करतात हो? काढून टाकतात, हाकलतात. मौनीबुवा आठ दिवसांत एक ओळ लिहितो, तो शब्द चुकवायचा नाही.” त्या उठल्या आणि माझ्यापाशी आल्या. माझ्या पाठीवरून त्यांचं बोट फिरलं, मोजत. “त्याची चाचणीची यादी विजेपासून सुरू होते. त्यात दुरुस्तीचं तोंड शेवटचं. सातवं.”

आणि त्यांनी वायर उपसली.

दुपारचं ते ओढलं जाणं त्या दिवशी झालं नाही. तेव्हा मला कळलं, की बाहेर बोलणारा मीच होतो. सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीने, तिकडूनच तपासता यावं म्हणून ती वायर लावून ठेवायला सांगितली होती, आणि साहेबांनी होकार दिला होता. तीच कंपनी चित्रातल्या त्या दुसऱ्या यंत्रालाही भाग पुरवत होती.

“घ्या. सातवं तोंड बंद केलं,” ताई म्हणाल्या.

“हे आपण नंतर तपासू,” साहेब म्हणाले. “तोवर तुमचा पास इथे ठेवा.”

ताईंनी गळ्यातला पास काढून माझ्या डोक्यावर ठेवला. “मग हे दुसरं सातवं तोंडही निघालं.” चहा न घेताच त्या गेल्या.

पाचव्या दिवशी मौनीबुवा परतला. टोकाची ताईंची खुर्ची रिकामी बघून तो साहेबांच्या खोलीत गेला, आणि बाहेर आला तो मान खाली घालून. तेव्हाही तो काही बोलला नाही, लिहिलंही नाही. ‘ताईंनी स्वतःहून काम सोडलं’ असं ठरलं. पुढच्या बैठकीत सहा तोंडंही ठरली. गोल तोंड वगळलं. दुरुस्तीचं ठेवलं, फक्त वरून प्लास्टिकची पट्टी बसवली.

तेव्हापासून मला साहेबांचा संशय होता. नुसती चूक झाली असती तर त्यांनी ताईंना परत बोलावलं असतं. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असावं, असं वाटे. पण मी तर ताईंवरही संशय घेतला होता. माझ्या संशयाला काय किंमत? मी तो विचार दाबून टाकला, आणि सामानाच्या खोलीत माझ्यावर धूळ बसत राहिली.

किती वर्षं गेली, सांगता येणार नाही. कचेरी दुसरीकडे हलली तेव्हा नमुने फोडून टाकायचे ठरले. मौनीबुवाने, आता त्याचे केस पांढरे झाले होते, मला कापडी पिशवीत घातलं आणि एका अरुंद रस्त्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. काउंटरमागे ताई होत्या. चष्मा अजून कपाळावरच.

आता मी तिथेच असतो. लोकांचे हेडफोन चालतात का, ते माझ्या गोल तोंडात घालून बघतात. दिवसातून दहा वेळा तरी. माझी भावंडं तुमच्या घरात असतील, तर एक विनंती आहे. कधीतरी त्यांच्या पाठीवर हात फिरवा. जे तोंड कशाचं ते तुम्हाला माहीत नाही, त्याबद्दल विचारा. आणि बिंग फुटलं की माणसाकडे बोट दाखवण्याआधी वायर उपसून बघा. मला हे फार उशिरा सुचलं.

मला तिथे आणलं त्या दिवशी मौनीबुवा स्टुलावर बसला. ताई म्हणाल्या, “चिठ्ठी लिहायचीय का? कागद देऊ?”

“नको,” तो म्हणाला. “साहेबांचा मला फोन आला होता, ताई. दवाखान्यात. सातवं म्हणजे कुठलं, असं विचारलं. मी सांगितलं, मागचं, दुरुस्तीचं.”

“कधी?”

“गावी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, आईला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा. सकाळचे नऊ वाजले होते.”

चिठ्ठी वाचली ती बैठक त्याच दिवशी अकराला होती.