फुंकायची नळी

कापसाचा भाव पडला त्या सालांत आमच्या तांड्यावर जीपगाड्यांची रांग लागली. माणसं जीव द्यायला लागली तेव्हा कुठे या लोकांना आमचा रस्ता सापडला. कोणी माहिती लिहून न्यायचं, कोणी फोटो काढून. म्हणून यवतमाळची सुमेधाबाई दवाखान्याची पिशवी घेऊन उतरली, तेव्हा मी तिला पाणी दिलं, पण बसायला बाज टाकली नाही.

ती माझ्या सुनेसाठी आली होती. बबिता पोळ्यापासून गप्प होती. ताप नाही, खोकला नाही. चुलीपुढे बसली की बसली, भाकर जळाली तरी हलायची नाही. बाई म्हणाली, हा उदासपणाचा आजार आहे, गोळ्यांसोबत हळू श्वास घ्यायचा व्यायाम शिकवते. मग पिशवीतून आकडे अन् काटा असलेली एक नळी काढून तिच्यापुढे धरली.

"यात जोरानं फुंक. छातीत किती दम आहे ते कळेल."

फुंक! माझ्या अंगाची आग झाली. तांड्यावर पोलीस आला की पहिला शब्द हाच काढतो. तोंडाचा वास घेणार आणि दारूच्या नावानं धरून नेणार. आता त्यांनीच नळी देऊन बाई पाठवली नसेल कशावरून? ती वही शोधायला वाकली तशी मी बबिताच्या कानाला लागले.

"गालातल्या गालात फुंक. जोर लावू नको."

काटा दीडशेवर अडला. "फारच कमी आहे," म्हणत बाईनं लिहून घेतलं. कशी फसवली, मी मनात म्हटलं.

पुढे दर गुरुवारी बाई येऊ लागली. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मी दारात बसून नजर ठेवायची. श्वास तर गुरंही घेतात, त्याची शिकवणी कशाला? पण बाई नसतानाही बबिता बोटांवर मोजू लागली. एक दिवस जेवताना म्हणाली, "याडी, भाजीत मीठ जास्त झालं." आमच्यात आईला याडी म्हणतात, ती मलाही म्हणते. किती महिन्यांनी म्हणाली! मी पदरात तोंड घालून रडले.

दोन महिन्यांनी नळी पुन्हा निघाली. या वेळी मी काही बोलले नाही. काटा तीनशे दहावर गेला.

"दुपटीहून जास्त!" बाई हरखली. "मावशी, माझं इथलं काम झालं. पुढच्या गुरुवारपासून मी दुसऱ्या तांड्यावर."

माझ्या लबाडीवर भुलून ही निघाली, आणि पोर पुन्हा चुलीपुढे बसली तर?

"थांब बाई. तो पहिला आकडा खोटा हाय. मीच तिले सांगतलं होतं, जोर लावू नको म्हणून. तू पोलिसाची वाटली मले."

बाईचा चेहरा पडला. पेन वहीवर तसंच राहिलं.

"नाही याडी," बबिता म्हणाली. "म्या तुझं आयकलंच नोतं. त्या दिवशी सारा जोर लावला होता. तेवढाच होता माह्यात."