क्वेसार आणि मूठभर तीळ

“आज टपाल गेलंच पायजे,” म्हणत माणिकरावांनी लिफाफ्याला डिंक लावायला घेतला. मेहकरच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवून त्यांचं नाव कुठे म्हणून छापून आलं नव्हतं. आता येणार होतं.

पुण्याच्या एका प्राध्यापकांनी आकाशाचे बारा नकाशे पाठवले होते. त्यातले लाल ठिपके म्हणजे क्वेसार, दिसायला ताऱ्यासारखे, पण ताऱ्यांच्या कितीतरी पलीकडचे झगझगीत दिवे. निळे भोवरे आणि काळी अंडी म्हणजे दोन जातींच्या दीर्घिका, ताऱ्यांची अफाट गावंच. क्वेसार कोणत्या जातीच्या शेजारी जास्त, ते मोजून कळवायचं होतं. अख्खी दिवाळीची सुट्टी फुटपट्टी घेऊन बसल्यावर उत्तर निघालं: चाळीसपैकी तेवीस क्वेसार काळ्या अंड्यांपासून बोटभर अंतरात!

त्यांच्या बायको वच्छलाबाई सुपात तीळ घेऊन शेजारी निवडत बसल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण नजर शेतकऱ्याच्या लेकीची.

“हे लाल ठिपके मुद्दाम तिथं बसोले का कोनी?”

“तसंच दिसते ना!”

“काऊन? आमचे बाबा मातीत मिसळून तीळ फेकत. कुठं दाट उगवे, कुठं इरळ. बांधाजवळ झुबका दिसला, तं बांधानं बोलावला म्हनाव का त्याले?”

माणिकराव हसले. मग हसू आटलं. नकाशे जमिनीवर जोडून त्यांनी डोळे मिटून चाळीस तीळ फेकले. काळ्या अंड्यांजवळ बावीस. पुन्हा फेकले, चोवीस. तिसऱ्यांदा एकवीस.

कागदावरचा तेवीसचा आकडा त्यांनी पुन्हा पाहिला. बायकोचा रागही आला, खोटं कशाला बोला.

“चुकलं का माहं काही?”

“नाही. मीच तोंडघशी पडता पडता वाचलो.”

जुना कागद फाडून त्यांनी नवा लिहिला: ‘शेजार दिसतो, पण तो योगायोगापेक्षा जास्त नाही. आणखी नकाशे मिळावेत.’ सोबत तिळांची हकिकतही कळवली.

महिन्याभरात साठ नकाशे आले. चिठ्ठीत होतं, ‘तपासण्याची ही युक्ती कुणाची? टिपणात नाव छापायचं आहे.’

माणिकराव तिथेच ओसरीवर लिहायला बसले. लिहून झाल्यावर त्यांनी कागद बायकोपुढे धरला.

“हे पाय, हे तुहं नाव.”

वच्छलाबाईंनी पदराला हात पुसून अक्षरांवरून बोट फिरवलं.

“आन तुमचं?”

“त्याच्या खाली.”