रंग फासलेली वाघीण

मित्रांनो, मी एक जुनी वाघीण आहे. जंगलातली नव्हे, मालगाडीची. मला भिंती नाहीत, छप्पर नाही. लोखंडाची लांब सपाट पाठ, खाली आठ चाके आणि कंटेनर पक्का धरून ठेवायला कोपऱ्यांत लॉक, एवढाच माझा देह. माझ्यासारख्या वाघिणी आपली कहाणी सांगताना हळुवार बोलतात, सूर्यास्त वगैरे आठवतात. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे, आणि तो कशाचा ते मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म फार दूर, पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. तरुणपणी मी बंदरांमधून धावले. समुद्रापलीकडून आलेले मोठमोठे कंटेनर माझ्या पाठीवर ठेवले जात आणि मी ते देशभर पोहोचवत असे. तेव्हा प्रत्येक मोठ्या स्टेशनात माणसे हातोडी घेऊन यायची. चाकांवर ठोकून आवाज ऐकायची, वाकून ब्रेक पाहायची, सांध्यांत तेल सोडायची. मला वाटायचे, जगात सगळीकडे असेच असते.

पुढे नव्या, वेगवान वाघिणी आल्या. आम्हा जुन्यांना एका कंपनीने विकत घेतले आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या एका छोट्या कंटेनर टर्मिनलवर आणून ठेवले. नंदुरबार आणि नवापूरच्या मधले लहानसे स्टेशन, त्याला लागून एक गोदाम, एक क्रेन आणि रुळांचे दोन फाटे. काम सोपे होते. गोदामापाशी भरलेला कंटेनर पाठीवर घ्यायचा आणि मोठ्या गाडीला जोडण्यासाठी पलीकडच्या रुळावर न्यायचा. विसरवाडीच्या बाजूने ट्रक यायचे. कधी लोणखेड्याकडच्या कापसाच्या गाठी असायच्या, कधी सुक्या मिरचीची पोती. मिरची आली की सगळे टर्मिनल शिंकायचे.

पोती भरणाऱ्या बायका सातपुड्यातल्या होत्या. त्यांची पुढारी कालीबाई, काठी गावाकडची. पूर्वी ती दिवाळी झाली की घरदार बांधून गुजरातेत ऊस तोडायला जायची. पोरे फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत वाढायची, शाळा सुटायची. टर्मिनल सुरू झाल्यापासून तिचे ते भटकणे थांबले होते. टर्मिनलजवळच तिने खोली घेतली होती, पोरे शाळेत जात होती. वर्षातून एकदाच, होळीला, ती रजा घ्यायची आणि आपल्या डोंगरात जायची. एरवी मिरचीने हात भगभगत असले तरी ती काम सोडत नसे.

आणि मगन. मला इंजिनाला जोडणे, सोडणे, थांबवणे ही सगळी कामे त्याची. माझ्या कडेला एक गोल चाक आहे, तो माझा हातब्रेक. ते चाक फिरवले की आतला दांडा आवळतो आणि मी जागच्या जागी खिळते. मगन रोज ते फिरवून पाहायचा, तेल द्यायचा. मग कंपनीकडून तेल येणे बंद झाले. चाक जड होऊ लागले. मगन मॅनेजर हेमकांत साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "बघू पुढच्या महिन्यात." पुढचा महिना आला आणि गेला.

मग एक दिवस नव्या क्रेनचे उद्घाटन ठरले. मोठे पाहुणे येणार होते. माझी दशा पाहून साहेब घाबरले, आणि मित्रांनो, त्यांनी काय केले माहीत आहे? त्यांनी रंगारी बोलावला! माझा गंज खरवडला नाही, धूळ पुसली नाही. फवाऱ्याने चकचकीत निळा रंग मारून टाकला. लॉकवर रंग, साखळीवर रंग, हातब्रेकच्या चाकावर आणि त्याच्या आट्यांतही रंग. तो वाळला आणि आधीच जड झालेले ते चाक दगडासारखे बसले.

पाहुण्यांनी मला झेंडूची माळ घातली. फोटो काढले. "कोण म्हणेल ही जुनी आहे!" असे एक जण म्हणालासुद्धा. मला ओरडावेसे वाटत होते.

पाहुणे गेल्यावर मगन पुन्हा साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, हाऊ ब्रेक फिरस नही. येले कारखानामा धाडा."

"अरे, आत्ताच तर रंगवली तिला. लगेच कारखान्यात पाठवली तर वर काय सांगू? चाकाखाली गुटका लाव आणि काम चालव."

गुटका म्हणजे लाकडाचा ठोकळा. माझे आणि कंटेनरचे मिळून केवढे वजन, आणि त्याला अडवायला घासून गुळगुळीत झालेला एक ठोकळा!

ती दुपार मी विसरणार नाही. मी गोदामाच्या वरच्या अंगाला उभी होते. तिथून रुळाला किंचित उतार आहे. मगनने चाकाखाली गुटका लावला. नव्या क्रेनने मिरचीचा कंटेनर उचलला आणि माझ्या पाठीवर धाडकन ठेवला. त्या दणक्याने गुटका उडून पुढे उतारावर पडला. मी हलले.

खाली कालीबाई आणि तिच्या बायका डोक्यावर पोती घेऊन रूळ ओलांडत होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती. क्रेनच्या आवाजात त्यांना काही ऐकू येत नव्हते. मी निघाले होते आणि मला थांबता येत नव्हते. मगन धावत आला, माझ्या कडेला लटकला आणि ब्रेकचे चाक दोन्ही हातांनी फिरवू लागला. चाक हलेना. त्याने अंगाची सगळी ताकद लावली. हाताची साल निघाली, चाक हलले नाही.

"बाई, सरका! सरका!" असे ओरडत त्याने खाली उडी मारली, तोच गुटका उचलला आणि माझ्या पुढच्या चाकाखाली खुपसला. गुटका बसेना, तेव्हा पायाने रेटला. मी थांबले. बायकांपासून हातभर अंतरावर थांबले. पण मगनचा पाय माझ्या चाकाखाली होता.

कालीबाईने पोते फेकले, आपले लुगडे फाडले आणि त्याचा पाय बांधला. त्याला नंदुरबारच्या दवाखान्यात नेले. अर्धे पाऊल गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितले, "मगनने गुटका लावलाच नव्हता. चूक त्याची आहे. त्याला कामावरून काढले आहे." मी ऐकत होते. माझ्या चाकावर अजून त्याचे रक्त होते आणि हा माणूस स्वच्छ शर्ट घालून असे बोलत होता!

सरकारी चौकशी होणार होती, अधिकारी उद्या येणार होते. म्हणून साहेबांनी त्याच सकाळी भंगारवाल्याला बोलावले. रूपचंद नाव त्याचे. गॅसची नळकांडी घेऊन तो आला. साहेब म्हणाले, "ही वाघीण अपशकुनी आहे. आजच कापून टाक."

अपशकुनी! मी! मला कापले की जाम झालेला ब्रेकही जाणार होता, आणि मग मगनचे खरे कोण मानणार होते?

कालीबाई पुढे आली. "साहेब, अधिकारी इसन पाही लेवोत. मंग कापा."

"तू पोती भर. तुला काय कळते यातले?"

 कालीबाईने पदर खोचला आणि माझ्या पाठीवर चढून बसली. तिच्यामागून एकेक करून सगळ्या बायका चढल्या.

साहेब लाल झाले. "उतरा खाली! उद्यापासून कामाला येऊ नका, दुसरी माणसे आणीन!"

"आना," कालीबाई म्हणाली. "आम्ही आठेन उठाव नहीत. मगननी आमना जीव वाचाडा."

रूपचंदने पेटवलेली ज्योत विझवली आणि नळी गुंडाळू लागला. "साहेब, माणसे बसलेल्या लोखंडाला मी आग लावत नाही," असे म्हणून तो निघून गेला.

बायका बसून राहिल्या. कुणी घरून भाकरी आणली, कुणी पाणी. आपसांत त्या आपल्या डोंगरी बोलीत बोलत होत्या. माझ्या पाठीवर आजवर पुष्कळ ओझी आली, पण असे ओझे कधी आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या अधिकारी बाई आल्या. त्यांनी ब्रेकचे चाक फिरवून पाहिले. हलले नाही. सोबतच्या माणसाला फिरवायला लावले. हलले नाही. मग त्यांनी रंगाचा पापुद्रा खरवडला. खालून गंजाचा चुरा भुरभुर पडला. "हिची शेवटची तपासणी कधी झाली?" असे त्यांनी विचारले. हेमकांत साहेबांनी रंगकामाचे बिल पुढे केले.

मगन निर्दोष ठरला. त्याला पुन्हा कामावर घ्यावे लागले. साहेबांची बदली झाली, बरे का, फक्त बदली! सगळे ब्रेक दुरुस्त होईपर्यंत टर्मिनल बंद राहिले. मला कारखान्यात नेऊन माझा ब्रेक उघडला, साफ केला, त्यात तेल सोडले. आता तो एका हाताने फिरतो.

पण टर्मिनल पुन्हा सुरू झाले तेव्हा नव्या मॅनेजरने कालीबाईच्या टोळीला घेतले नाही. "त्या बायका भांडखोर आहेत," म्हणे! दिवाळी होऊन गेली होती. ऊसतोडीच्या टेम्पोत भांडीकुंडी चढवून, पोरांना घेऊन कालीबाई फाटकाशी आली. मगन काठी टेकत बाहेर गेला.

"बहीन, तुन्हामुये मन्ही नोकरी वाचनी," तो म्हणाला, "आनि तुन्हीच गयी."

"तुन्हा पाय गया ना, भाऊ. आम्ही जित्या शेतस," ती म्हणाली आणि टेम्पोत बसली. तिच्या पोरीच्या खांद्याला शाळेचे दप्तर तसेच अडकवलेले होते.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू हात जोडून म्हणतो, आमची निगा राखा. मी हात जोडणार नाही. मला काय, मी लोखंड आहे. गंजले तर गंजले. पण माझ्याजवळ माणसे काम करतात. त्यांची हाडे लोखंडाची नाहीत. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातला कुणी मॅनेजर होईल, कुणी साहेब होईल. तेव्हा कुणी येऊन सांगितले की ब्रेक फिरत नाही, तर हातातले काम टाका, उठा आणि आधी तो ब्रेक पाहायला जा. आणि जी बाई खरे बोलण्यासाठी ठाण मांडून बसली, तिला कामावर परत बोलवा. टर्मिनलवर आजही मिरची येते. ती भरायला माणसे हवी आहेत.