तांबड्या पट्ट्यांखालची भेग

मी एक जुना वासा आहे, आणि मित्रांनो, मी भित्रा आहे. होडी रेटण्याच्या वाशाला भीती वाटत असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. त्याने चिखलात रुतावे, होडी पुढे ढकलावी आणि काम झाले की काठावर पडून राहावे, एवढीच लोकांची अपेक्षा असते. पण ज्या मुलखात पावसाळ्यात सगळी जमीनच पाण्याखाली जाते, तिथे त्या पाण्याखाली काय दडले आहे हे सगळ्यांत आधी वाशालाच कळते. मग त्याने घाबरू नये तर काय करावे?

ब्राझीलमधल्या पांतानालच्या पाणथळीत मी कांबाऱ्याचे कोवळे, सरळसोट झाड होतो. ओरोझिंबो नावाच्या होडीवाल्याने मला तोडले, माझी साल काढली आणि स्वयंपाकघराच्या छपराखाली धुरावर आडवे टांगून ठेवले. खाली त्याची बायको वाळवलेल्या मांसाचा भात शिजवत असे आणि वर मी वाळत असे. चांगला वाळल्यावर त्याने मला गुरांच्या चरबीने चोळले. काम करताना तो ना बोलत असे ना गात असे. नुसता चोळत असे. त्या हातांत मला जितके निर्धास्त वाटले तितके पुन्हा कधीच वाटले नाही. पुढे त्याचे गुडघे गेले, तो शहरात लेकीकडे राहायला गेला आणि त्याची होडी व मी नदीकाठच्या संशोधन केंद्रात येऊन पडलो.

केंद्र म्हणजे खांबांवर उभे केलेले लाकडी घर. पावसाळा लागला की विद्यापीठाची मुले तिथे येऊन राहत आणि मगरींच्या घरट्यांचा अभ्यास करत. त्यांच्या प्राध्यापिका नेयदेबाई बुटक्या होत्या, पण त्यांचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जात असे. मगर पालापाचोळ्याचा ढीग रचते, त्यात अंडी घालते आणि जवळच पाण्यात राखण करत बसते. मुलांनी तो ढीग उकरायचा, अंडी मोजायची, मापायची आणि पुन्हा होती तशी ठेवायची. अंडे उचलण्याआधी त्याच्या वरच्या बाजूवर पेन्सिलीने रेघ ओढायची आणि ठेवताना रेघ वरच राहिली पाहिजे. अंडे उलटले तर आतले पिल्लू मरते. नेयदेबाई हे उठता-बसता सांगत. त्यामुळे मुले न्याहारीच्या उकडलेल्या अंड्यावरही रेघ ओढून एकमेकांना हसवत.

एक जण अंडी मोजत असताना दुसऱ्याच्या हातात मी असे. त्याचे काम एकच: पाण्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि अंड्यांची आई, ती मगर, धावून आली की मला तिच्यापुढे आडवे धरायचे. ती मला चावे. मला चावली म्हणजे पोरांना चावली नाही, असा सरळ हिशेब होता. माझ्या अंगावर तिच्या जातीच्या कितीतरी जणींचे दात उमटले आहेत. मुले त्या खुणा पाहुण्यांना दाखवत आणि माझे कौतुक करत. मला मात्र त्या प्रत्येक दाताची आठवण आहे. ती येण्याआधी एक लांब फुत्कार ऐकू येतो, आणि मला धरणाऱ्याचे तळवे एकदम घामेजतात. ओल्या तळव्यांतून त्याची भीती माझ्यात उतरे. माझी स्वतःची होतीच. ती दोन्ही अंगात घेऊन मी उभा राहत असे.

पुढे केंद्रात ॲल्युमिनियमचा नवा दांडा आला. हलका, चकचकीत, न कुजणारा. मी अडगळीत गेलो, आणि खरे सांगू का, मनातून हुश्श झालो. पण माझ्या नशिबी स्वस्थ पडून राहणे नव्हते. जांदिरा नावाची एक मुलगी होती, गुराख्यांच्या घरातली, शिकायला विद्यापीठात गेलेली. तिचा प्रबंध याच घरट्यांवर होता आणि पाणी रोज किती चढते हे तिला पाहायचे होते. तिने मला पावसात भिजलेला तसाच उचलला आणि तांबडे-पांढरे पट्टे मारून माझ्यावर आकडे घातले. रंगवताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती, इतकी ती रमली होती. नेयदेबाई मला पाहून म्हणाल्या, "जांदिरा, हा वासा नाही गं, नवरदेव दिसतोय." सगळे हसले. मग मला धक्क्याजवळ चिखलात उभा ठोकण्यात आला.

ओल्या लाकडावर तेलरंग बसला की आतला ओलावा आतच कोंडतो. वर मी नवरदेव दिसत होतो आणि आत मी मऊ पडत चाललो होतो. एक पावसाळा गेला, दुसरा आला. चिखलाच्या वर, खालून तिसऱ्या तांबड्या पट्ट्याच्या आड, मला एक भेग पडली. तिच्यात अळ्या शिरल्या, त्यांनी पोखरून भुसा केला. बाहेरून मात्र रंगाला साधा ओरखडाही नव्हता. जांदिरा रोज सकाळी येऊन माझ्यावरचा आकडा वाचून जाई. तिची नजर रोज त्या पट्ट्यावरून फिरे. मला तिला हाका माराव्याशा वाटत, पण वाशाला तोंड नसते.

आणि मग तो दिवस उजाडला. आदल्या दिवशीच्या पुरात ॲल्युमिनियमचा दांडा वाहून गेला होता. नदी फुगत होती, आणि सगळ्यांत सखल उंचवट्यावरचे घरटे दुसऱ्या दिवसापर्यंत बुडणार हे उघड होते. जांदिराच्या प्रबंधातली तेवढीच मापे राहिली होती. ती हुकली तर तिचे वर्ष वाया जाणार होते. नेयदेबाई तापाने फणफणलेल्या एका मुलाला घेऊन शहरात गेल्या होत्या. जांदिराने वायरलेसवर त्यांना विचारले, तेव्हा, जा, पण वाशावाल्याने पाण्यावरची नजर हलवायची नाही, असे त्या म्हणाल्या.

वाशावाला कोण, हे ओसरीवर ठरले. इथे सकाळी सगळे गोल बसून शिंगाच्या पेल्यातून थंड हिरवा काढा पितात. पेला एक, नळी एक, पाळीपाळीने. कोणी थँक्यू म्हटले की त्याचा अर्थ, मला आता पुरे. आणि केंद्राची रीत अशी की जो पहिला पुरे म्हणेल त्याने उठून वासा उचलायचा. एवांद्रो नुकताच साओ पावलोहून आला होता. उंच, हडकुळा, अतिशय सभ्य मुलगा. स्वयंपाकीण झुल्मिरामावशीने त्याच्या हातात पेला दिला आणि तो सवयीने म्हणाला, "थँक्यू, मावशी."

"पहिल्याच घोटाला?" मावशी हसायला लागल्या. "पोरा, तुझं वळणच तुला नडणार."

"नियम म्हणजे नियम," जांदिरा म्हणाली. "चल, शहरी बाबू. वासा तुझा."

दोघांनी मिळून मला चिखलातून उपटले. जांदिराने पाणी ओतून मला धुतले, माझ्यावर थाप मारली आणि अजून नव्यासारखा आहे असा निर्वाळा दिला. ती थाप माझ्या अंगात पोकळ वाजली. तिने ऐकली नाही, कारण तेवढ्यात मावशी डबा घेऊन हाका मारत होत्या.

वाटभर होडी रेटताना एवांद्रो मला तळावर अलगद टेकवत होता. टेकवताना मी करकरलो. त्याने मान वळवून हा आवाज कसला असे विचारले, आणि होडी जुनी आहे, कुरकुरतेच, असे जांदिरा म्हणाली. मी मुद्दाम पुन्हा करकरलो. मला वाटले, इथेच मोडावे. उथळ पाण्यात, मगर नसलेल्या जागी मोडावे म्हणजे ही पोरे मागे फिरतील. पण मोडणे वाशाच्या हाती नसते. एवांद्रोचा हातच इतका हलका होता की मी तग धरून राहिलो.

उंचवट्यावर झाडी दाट होती आणि पाणी घरट्यापासून जेमतेम एका उडीवर आले होते. आई कुठेच दिसत नव्हती.

"ती कुठे आहे?" एवांद्रोने दबल्या आवाजात विचारले.

"असेल इथेच. दिसली असती तर बरं होतं."

जांदिरा गुडघ्यांवर बसून पाला बाजूला करू लागली. एवांद्रो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे तळवे आत्ताच ओले झाले होते. त्याच्या दोन्ही मुठी माझ्या वरच्या अर्ध्यावर होत्या आणि तिसरा तांबडा पट्टा त्याच्या मुठींच्या पलीकडे, पाण्याच्या बाजूला होता. मी एकच गोष्ट घोकत होतो, आज ती येऊ नये. जांदिरा एकेक अंडे काढून रेघ ओढत होती, मापत होती, आकडा पुटपुटत होती. माशा घोंगावत होत्या. पाणी जागचे हलत नव्हते.

फुत्कार पाण्याकडून आला नाही. तो झाडीतून, बाजूने आला. नेयदेबाईंनी सांगितल्याप्रमाणे एवांद्रो पाण्यावरची नजर हलवत नव्हता, आणि ती जमिनीवर पाल्यात दबा धरून बसली होती. पोरगा वळला मात्र चपळाईने. त्याने मला तिच्यापुढे घातले आणि तिने मला तोंडात धरले. तिचा जबडा नेमका त्या पट्ट्यावर पडला. मी होते नव्हते तेवढे बळ एकवटले. एक झटका सोसला. दुसऱ्याला मी मोडलो.

तुटलेल्या वाशावर भार टाकलेला माणूस पुढेच पडतो. एवांद्रो गुडघ्यांवर आला, एक पाय तिच्या बाजूला लांब पडला. जांदिराच्या ओंजळीत त्या वेळी शेवटचे, मापून झालेले अंडे होते. मित्रांनो, मी ते पाहिले आहे आणि ते मी विसरणार नाही. तिने अंडे फेकून दिले नाही. ती वाकली, रेघ वर आहे ना हे पाहिले, अंडे जागेवर ठेवले आणि मग धावली. तेवढ्या वेळात मगरीने माझा तुकडा थुंकून टाकला आणि एवांद्रोची नडगी धरली.

जांदिराने त्याच्या मुठीतला माझा उरलेला अर्धा हिसकावला आणि मगरीच्या डोळ्यामागे दणादण हाणला, पुन्हा पुन्हा हाणला. शेवटी जबडा उघडला. मगर मागे सरली आणि वळून घरट्यावर जाऊन बसली. तिला तेवढेच हवे होते.

जांदिराने त्याला फरफटत होडीत आणले. शर्ट फाडून पाय करकचून बांधला आणि तो पाय काठाबाहेर जाऊ देऊ नको, पाण्यात रक्ताचा थेंब पडता कामा नये, असे त्याला बजावले. मग ती होडी रेटू लागली. वासा असा मीच उरलो होतो, आणि तोही अर्धा. तळ गाठायला तिला कमरेपर्यंत वाकावे लागत होते. वाकली की तिचा हात खांद्यापर्यंत पाण्यात जाई आणि दर वेळी मला वाटे, आता हा हात कोणीतरी धरणार. शिवाय मी पुन्हा मोडलो असतो तर दोघांनाही घरी जायला मार्ग नव्हता. ती भीती मी वाटभर सोसली.

अर्ध्या वाटेत एवांद्रोने डोळे उघडले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अंडं?"

"काय?"

"अंडं सरळ ठेवलंस ना?"

जांदिरा रेटायची थांबली. "ठेवलं," ती म्हणाली. "आधी ते ठेवलं. मग तुझ्याकडे आले."

"मग ठीक आहे. नाहीतर हे सगळं फुकट गेलं असतं."

तिला रडू फुटले. रडता रडता तिची नजर माझ्या तुटलेल्या टोकाकडे गेली. तिने त्यात बोट घातले. भुसा झाला होता तो, पिठासारखा, आणि त्याच्याभोवती तांबड्या रंगाची कडक साल तशीच उभी होती.

"रंग मी दिला होता," ती म्हणाली. एवांद्रो तोवर बेशुद्ध झाला होता.

केंद्रातून वायरलेस गेला, विमान आले, त्याला शहरात नेले. पाय वाचला, पण तो आता वाकडा पडतो आणि त्याच्या दोन बोटांना काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी चढले आणि ते घरटे अंड्यांसकट बुडाले. जांदिराचा प्रबंध पुरा झाला. त्यात त्या अंड्याचे मापही आहे.

मी आता ओसरीवरच्या खिळ्याला टांगलेला असतो. दुसरा तुकडा तिकडेच राहिला. यंदा नवी मुले आली तेव्हा त्यांतली एक मला पाहून म्हणाली की याचा रंग उडालाय, पुन्हा पट्टे मारू या, छान दिसेल. जांदिरा आता इथे शिकवायला येते. तिने त्या मुलीच्या हातात नवा वासा दिला आणि त्यावर टोकापासून टोकापर्यंत नख रुतवून बघायला सांगितले. एवांद्रोही त्या दिवशी आला होता, पायरीवर बसून आपला पाय चोळत होता. मुलीने एकदा त्या पायाकडे पाहिले आणि मग खाली बसून नख रुतवायला लागली.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी भरवशाचे असेल. शिडी असेल, दोर असेल, विहिरीचा रहाट असेल. आम्हाला छान दिसायचे नसते. आम्हाला वाळवा, तेल द्या आणि हातात घेण्याआधी रंगाखाली काय आहे ते एकदा बघा. आम्हाला फक्त तुटतानाच बोलता येते, आणि तोवर कोणाचा तरी पाय पुढे पडलेला असतो.