मधल्या मजल्यावर

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे ताईच म्हणत. लोकांच्या तोंडचे नवे शब्द गोळा करायचे, अर्थ लावायचा, मूळ शोधायचं, हे त्यांचं काम. त्या आठवड्यात डोकं ठिकाणावर नसण्याचे शब्द टेबलावर आले होते. ‘सुन्न’, ‘बधिर’ जुनेच. ‘भंजाळणं’ कुठून आलं याचा पत्ता लागेना. ‘हँग होणं’ संगणकावरून आलं, ते तर शेंबडं पोरही सांगेल. गाडी अडली ती एका वाचकाच्या पत्रावर: ‘आमच्याकडे म्हणतात, तो मधल्या मजल्यावर आहे. म्हणजे अंगानं इथे, मनानं कुठेच नाही.’

“लिफ्टवाल्यांचा शब्द वाटतो,” शेजारचे मुद्रितशोधक म्हणाले. “ओळखीचं आहे का कोणी?”

ताईंनी ऐकलं न ऐकलं केलं. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. आई गेली त्या दिवशी तो हॉस्पिटलात आला, खुर्चीवर बसला. ना रडला, ना बोलला. ताई सह्या करत धावत होत्या आणि हा भिंतीवरची सूचना वाचत बसलेला. मग कोणाला न सांगता कामावर निघून गेला. “दगड आहेस तू,” ताई फोनवर म्हणाल्या होत्या. त्याला तीन वर्षं झाली; तेव्हापासून बोलणं बंद. आईशिवायच्या घरात रविवार असा जाई, की संध्याकाळी दुकानदाराशी बोलताना स्वतःचाच आवाज परका वाटे.

दोन दिवस त्यांनी पत्र इकडून तिकडे सरकवलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नंबर फिरवला.

“कामाचं विचारायचंय,” त्यांनी आधीच सांगून टाकलं आणि शब्द वाचून दाखवला.

“आमचाच आहे तो,” भाऊ म्हणाला. “लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते ना, तेव्हा आत दिवा चालू, पंखा चालू. पण दार कुठेच उघडत नाही. त्यावरून.”

ताई भराभर लिहून घेत होत्या. “वाक्यात वापरून सांग. उदाहरण लागतं.”

पलीकडे कुणीतरी हातोडी मारत होतं.

“आई गेली तेव्हा मी मधल्या मजल्यावर होतो,” तो म्हणाला. “कामावर गेलो आणि पाना हातात धरून नुसता उभा राहिलो. शेवटी साहेबांनी घरी पाठवलं. चालेल हे?”

ताईंचं पेन थांबलं. “सांगितलं का नाहीस रे?”

“सांगता आलं असतं तर काय हवं होतं! तू तर दगड म्हणून मोकळी झालीस.”

“हो. झाले.” इतकी वर्षं शब्दांत काढूनही माफीचा शब्द काही ओठावर येईना. “जेवलास?”

“डबा उघडलाय.”

ताईंनी आपला डबा काढला. फोन कानाला लावून दोघं जेवले, फारसं न बोलता. सुट्टी संपल्यावर तो “ठेवतो” म्हणाला. पुन्हा करीन, असं काही म्हणाला नाही.

नोंदीत ताईंनी मूळ लिहिलं, पण उदाहरण दुसरंच, मनानं रचून घातलं.

रविवारी दुपारी त्यांनी फोन केला. त्यानं उचलला नाही. तासाभरानं पुन्हा केला.

“आता कुठला शब्द?” त्यानं विचारलं.

“शब्द नाही रे,” ताई म्हणाल्या. “असाच केला.”